सेव्हन माइलच्या मावशीची डावी शिवण

डेट्रॉइटला येणाऱ्या पाहुण्यांना एक खोड असते. इथल्या गुन्हेगारीच्या गोष्टी ऐकून विमानातून उतरायच्या आधीच ते घाबरून घेतात. त्या शनिवारी कॉमिक्सच्या मेळ्याच्या दारातच एक जोडपं पहारेकऱ्याला विचारत होतं, "हॉटेल समोरच आहे हो, पण चालत गेलं तर चालेल ना?"

मागे रांगेत अर्नेस्टीन गॅडिस उभी होती, खांद्यावर पोशाखाची पिशवी टाकून. तिला कुठलं गप्प बसवतंय!

"अजिबात जाऊ नका," ती म्हणाली. "वाटेत कुणीतरी 'काय, कसं काय?' म्हणून विचारेल. मग काय कराल?"

पहारेकरी तोंडावर हात धरून हसला. जोडपं हसावं की नाही याच विचारात आत गेलं.

अर्नेस्टीन एकसष्ट वर्षांची. एकतीस वर्षं तिने कारखान्यात मोटारींच्या सीटची कव्हरं शिवली, आणि आता घरी बसून वीट आला म्हणून शेजाऱ्यापाजाऱ्यांचे सोफे शिवते. मेळ्याला ती आली होती ती धाकट्या भावासाठी. रॉस्को दिवसभर शहराची बस चालवतो आणि उरलेल्या वेळात कॉमिक्स काढतो. त्याची नायिका एक म्हातारी आहे, 'सेव्हन माइलची मावशी'. शहराच्या पूर्वेला, सेव्हन माइल नावाच्या रस्त्यावर राहणारी ही बाई एका हाताने बस उचलते आणि दुसऱ्या हाताने उर्मट पोरांचे कान पिळते. सव्वीस अंक झाले, सगळे स्वतःच्या खिशातून छापलेले. न्हाव्याच्या दुकानात आणि चर्चच्या तळघरात ते खपायचे. त्यापलीकडे मावशीला कुत्रंही विचारत नव्हतं.

रॉस्कोचं टेबल कोपऱ्यात होतं, संडासाच्या वाटेवर. लोक घाईने यायचे आणि त्याहून घाईने जायचे.

"दुपार झाली. किती जण थांबले?" अर्नेस्टीनने विचारलं.

"एक थांबला. पेन मागायला." रॉस्कोने अंकांची चळत उगाच सरळ केली. "ताई, हे शेवटचं. उद्या घरी गेलो की सगळं तळघरात. पन्नाशी उलटली माझी, आता लोकांनी हसायला नको."

"कोण हसतंय?"

"कुणीच नाही गं. तेच तर दुखणं आहे."

 "संध्याकाळपर्यंत दम धर," अर्नेस्टीन एवढंच म्हणाली आणि पिशवी उचलून निघाली. संध्याकाळी पोशाखांची स्पर्धा होती. त्या मंचावर तीन हजार लोकांसमोर मावशी उभी राहिली, की बघू रॉस्कोच्या टेबलाशी कोण थांबत नाही ते! चार महिने तिने त्यासाठीच शिलाई केली होती. रॉस्कोला त्यातलं काही सांगितलं नव्हतं.

या स्पर्धेत मंचावर जाण्याआधी परीक्षक पोशाख उलटा करून शिवणी तपासतात. परीक्षक कॅलिफोर्नियाहून आलेला, प्रेस्कॉट नावाचा तरुण होता. त्याने मावशीचा कातडी अंगरखा हातात घेतला आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं. सीटच्या उरलेल्या तपकिरी चामड्याचा तो अंगरखा, दुहेरी टाके असे सरळ की पट्टी लावून बघावेत.

"हे कुठे शिकलात मॅडम?"

"कारखान्यात, दोन नंबरच्या लाईनवर."

"खास डेट्रॉइटच्या का तुम्ही? मला तर हॉटेलबाहेर पाऊल टाकू नको म्हणून बजावलंय."

"अरेरे! म्हणजे दोन दिवस हॉटेलचंच जेवलास?" अर्नेस्टीन म्हणाली. "बाळा, तुझी आई काय म्हणेल?"

प्रेस्कॉट कानापर्यंत लाल झाला. मग हसून म्हणाला, "हा पोशाख जिंकायच्या लायकीचा आहे. मंचावरून उतरेपर्यंत शाबूत राहिला म्हणजे झालं. तो नियम आहे."

"माझी शिवण उसवत नाही," अर्नेस्टीनने ठणकावून सांगितलं.

तिचं नाव पुकारलं गेलं. अर्जात गावाच्या रकान्यात सगळे उपनगरांची नावं लिहितात, तिने ठळक अक्षरांत डेट्रॉइट लिहिलं होतं. ते ऐकताच मागच्या बाकांवरून आरोळी उठली. अर्नेस्टीन ताठ मानेने मधोमध आली आणि मावशी बस उचलते तसे दोन्ही हात तिने वर नेले.

टर्रर्र! डाव्या काखेपासून कमरेपर्यंत अंगरखा उघडा पडला.

आतला पिवळा सदरा दिसायला लागला.  अर्नेस्टीनने फाटलेल्या कडेवर बोट फिरवलं, आणि तिला लख्ख कळलं. इथल्या मोटारीत ड्रायव्हर डावीकडे बसतो, आणि त्याच्या सीटच्या त्याच बाजूच्या शिवणीआड एअरबॅग घडी घालून बसवलेली असते. धडक बसली की ती शिवण पापणी लवायच्या आत फाटायला हवी, म्हणून ती मुद्दाम कच्च्या दोऱ्याने, मोजून टाके घालून शिवतात. लाईनवर ते काम सगळ्यांना देत नसत. अर्नेस्टीनने ते एकवीस वर्षं केलं होतं. अंगरख्याची डावी बाजू आली तेव्हा डावा हात आपसूक चामड्याबरोबर घरी आलेल्या कच्च्या दोऱ्याच्या रिळाकडे गेला होता, आणि तिला पत्ताही नव्हता.

तेवढ्यात मागून कुठलीशी बाई ओरडली, "अगं बाई! एअरबॅगची शिवण घातलीस की काय?"

आणि सगळं सभागृह खदखदून हसलं. इथे घरटी एक माणूस कारखान्यात राबलेला, कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. फक्त पाहुणे एकमेकांची तोंडं बघत राहिले.

अर्नेस्टीनने सूत्रसंचालकाच्या हातातला माईक सरळ काढून घेतला.

"हसा, हसा. चुकलंच माझं," ती म्हणाली. "पण एक ऐका. एकवीस वर्षं मी ही शिवण घातली, ती फाटावी म्हणून. नाही फाटली तर कुणाची तरी आई घरी पोचत नाही. न फाटणारी कशी घालायची ते माझा डावा हात विसरलाय, आणि मला त्याची लाज वाटत नाही. ही सेव्हन माइलची मावशी. माझ्या भावाने काढलीय. तो तिकडे संडासाच्या वाटेवर बसलाय. जाता जाता बघा त्याच्याकडे."

लोक उभे राहिले. टाळ्या थांबेचनात. प्रेस्कॉट टाळ्या वाजवत होता आणि मान हलवत होता, कारण नियम तो नियम. बक्षीस दुसऱ्याच कुणाला गेलं, एका पंखवाल्या पोरीला. अर्नेस्टीनच्या जिवाला ते लागलं. चार महिने कमी नसतात.

कडा हाताने धरून ती कोपऱ्याकडे निघाली, रॉस्कोला काय सांगावं याची जुळवाजुळव करत. पण टेबल दिसेचना. समोर माणसंच माणसं. रांग खांबाला वळसा घालून पार खाण्याच्या गाड्यांपर्यंत गेली होती, आणि दारातलं ते घाबरट जोडपंही तिच्यात उभं होतं. रांगेतल्या एका उंच बाईने अर्नेस्टीनचा दंड धरला.

"लॉज फ्रीवेवर डाव्या बाजूने ट्रक आदळला होता मला," ती म्हणाली. "तेरा वर्षं झाली. ती सीट कुणी शिवली देव जाणे."  तिने अर्नेस्टीनचा डावा हात दोन्ही हातांत घेतला आणि घट्ट दाबला. अर्नेस्टीनच्या डोळ्यांतून घळघळा पाणी आलं, आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

टेबलामागे रॉस्को घामाघूम झाला होता. अंक संपले होते, तरी लोक हलत नव्हते. त्याने बहिणीकडे पाहिलं, तिच्या फाटक्या बाजूकडे पाहिलं आणि अंकांच्या रिकाम्या खोक्याचा पुठ्ठा फाडून समोर ओढला.

"ताई, तशीच उभी राहा. हात वर कर," तो म्हणाला. "सत्ताविसाव्या अंकाचं मुखपृष्ठ काढतोय."

"किती वेळ?"

"लागेल तेवढा."

अर्नेस्टीनने हात वर केला. सगळ्या रांगेसमोर, फाटकी बाजू पुढे करून, ती पाऊण तास तशीच उभी राहिली.