हलणारा बाण

मुग्धाचा नवरा श्रीहर्ष सुट्टी संपवून अमेरिकेला परत गेला आणि दुसऱ्याच दिवशी लॅपटॉप बंद पडायला लागला.

मुग्धा मारतहळ्ळीच्या ऑफिसातून दोन बस बदलून बसवनगुडीला घरी पोचली, तेव्हा सासूबाई दारातच उभ्या होत्या. घरात सगळे त्यांना अक्का म्हणत.

"चप्पल काढ आधी," अक्का म्हणाल्या, "मग बघ. ते यंत्र निळं होऊन बसलंय. दुपारपासून अण्णा बोलले नाहीत."

अण्णा म्हणजे शेषगिरीराव, मुग्धाचे सासरे. गेल्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला आणि बोलणंही गेलं. समोरच्याचं सगळं त्यांना कळायचं, पण शब्द ओठांपर्यंत यायचे नाहीत. "नको" आणि "असू दे" एवढंच काय ते उरलं होतं आणि पाणी हवं असलं तरी तोंडातून "असू दे"च निघायचं. मग ते स्वतःवरच चिडायचे आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे.

मुग्धा प्रोग्रॅमर होती. ऑफिसने मोडीत काढलेला एक लॅपटॉप तिने मागून आणला आणि अण्णांसाठी एक साधा प्रोग्रॅम लिहिला. पडद्यावर चित्रं मांडलेली: पाणी, कॉफी, पंखा, पेपर, दुखतंय, बाहेर जायचंय, शिवाय घरातल्यांचे आणि नातेवाइकांचे फोटो. डाव्या हातात माउस धरायचा, पडद्यावरचा बाण चित्रावर न्यायचा आणि बटण दाबायचं. चित्र पडद्यावर मोठं होई आणि यंत्र तो शब्द म्हणे. आधी मुग्धाने स्वतःच्या आवाजात शब्द भरले होते. तिचं पुणेरी मराठी ऐकून अण्णांनी कपाळाला आठ्या घातल्या, "नको, नको." हे घराणं कित्येक पिढ्या बंगळुरात राहिलेलं, त्यांच्या मराठीला कानडीचा हेल. मग अक्कांनी माइकपुढे बसून, घसा खाकरत, एकेक शब्द म्हटला. अण्णांनी मान डोलावली. तेव्हापासून घरात त्यांचं बोलणं अक्कांच्या आवाजात चालू झालं.

श्रीहर्ष न्यू जर्सीत होता. सन दोन हजार उजाडायच्या आत जुन्या प्रोग्रॅममधल्या तारखा दुरुस्त करायच्या, असल्या कामावर त्याची कंपनी माणसं पाठवत होती. सुट्टीवर आला तेव्हा त्याने पाहिलं, लॅपटॉपवर फोटो फिके आणि डागाळलेले दिसतात. निघायच्या दिवशी सकाळी त्याने इंटरनेटवरून नवा ग्राफिक्स ड्रायव्हर उतरवून घेतला. पडद्यावर चित्र कसं काढायचं हे यंत्राला सांगणारा तो प्रोग्रॅम. तो बसवल्यावर फोटो एकदम जिवंत झाले. अण्णा आपल्या धाकट्या बहिणीचा, कौशल्येचा फोटो उघडून कितीतरी वेळ बघत बसले होते. श्रीहर्षने ते पाहिलं, वाकून नमस्कार केला आणि तो टॅक्सीत बसला.

आता त्याच पडद्यावर निळ्या रंगावर पांढरी अक्षरं होती.

मुग्धाने यंत्र बंद करून पुन्हा सुरू केलं. सगळं तपासून उभं राहायला ते बराच वेळ घेई. तोवर तिने तोंड धुतलं, कुकर लावला. परत येऊन एकामागून एक चित्रं उघडली. एकही अडकलं नाही.

"झालं की बरं," अक्का म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी अण्णांच्या हातात ते दोनदा बंद पडलं. तिसऱ्या दिवशी तर सकाळी पहिल्याच चित्राला.

मुग्धाला आधी स्वतःच्याच प्रोग्रॅमचा संशय आला. ऑफिसला जायच्या आधी, केस विंचरता विंचरता, तिने कोड ओळीओळीने वाचला. चूक सापडली नाही. मग वाटलं, तापत असेल. लॅपटॉपखाली तिने पोळपाट ठेवला आणि शेजारी टेबलफॅन लावला. तरी तेच. ऑफिसातल्या श्रीकांतने, तो तिथली सगळी यंत्रं सांभाळायचा, एका फ्लॉपीवर वेगळा ड्रायव्हर दिला. या लॅपटॉपचा मूळ ड्रायव्हर कुठल्या डिस्कवर होता आणि ती डिस्क कुठे गेली, ते कुणालाच आठवत नव्हतं. श्रीकांतचा ड्रायव्हर बसवला तर पडदा काळाच झाला. मग सेफ मोडमधून, जिथे यंत्र कसंबसं सोळा रंगांवर चालतं, तिने तो काढून टाकला. त्या सोळा रंगांत अण्णांना चित्रं दाखवून पाहिली. एकदाही बंद पडलं नाही. पण फोटोत अक्कांचा चेहरा हिरवा-जांभळा दिसत होता. अण्णांनी मान फिरवली, म्हणून तिने श्रीहर्षचाच ड्रायव्हर परत बसवला.

म्हणजे दोष ड्रायव्हरचाच, हे कळलं. पण तो नेमका कधी बिघडतो, ते कळेना. तिच्या हातात यंत्र गरीब गाईसारखं वागायचं.

रविवारी सकाळी श्रीहर्षचा फोन आला. तिने सगळं सांगितलं.

"पण मी टेस्ट केलं होतं गं," तो म्हणाला, "तासभर चालवून बघितलं. परफेक्ट चालत होतं."

"माझ्या हातातही चालतं."

"मग अण्णा काहीतरी वेगळं दाबत असतील. एकदम दोन बटणं वगैरे."

"एकच बटण चालू ठेवलंय मी. दुसरं काही करतच नाही."

"मग मला काही सुचत नाही बघ. तू फॉरमॅट करून सगळं पहिल्यापासून टाक."

पहिल्यापासून म्हणजे कुठल्या दिवसापासून, असं मुग्धाच्या मनात आलं. कपड्यांचा ढीग इस्त्रीवाल्याकडे जायचा होता, अण्णांना व्यायाम शिकवणारी बाई येणार होती आणि ऑफिसात तिचं स्वतःचं काम आठवडाभर मागे पडलेलं होतं.

"बरं," ती म्हणाली, "अक्कांना देते फोन."

खरी अडचण यंत्राची राहिलीच नव्हती. अण्णांनी माउस सोडला होता. अक्कांनी एकदा, वैतागून म्हणा, काळजीने म्हणा, बोलून टाकलं होतं, "तुमच्या हातानंच कसं होतं हो हे? मुग्धानं लावलं की सरी असतं, नीट चालतं." तेव्हापासून अण्णा त्या टेबलाजवळ येईनात. तहान लागली तर गप्प बसायचे. मुग्धाने माउस पुढे केला की डावी मूठ मिटून मांडीवर ठेवायचे.

त्या दुपारी जेवणं झाल्यावर मुग्धा त्यांच्या पलंगापाशी जाऊन बसली.

"अण्णा, मला मदत हवीये."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं.

"ते माझ्या हातात बिघडतच नाही. मला ते बिघडताना बघायचंय. नाहीतर मी दुरुस्त काय करणार? तुम्ही चालवा. बिघडू दे."

"नको."

"मी नाही चिडणार. खरंच. कितीदा बिघडू दे."

"नको," ते म्हणाले आणि भिंतीकडे वळले.

मुग्धा उठली नाही. उठायचं त्राणच नव्हतं. पलंगाच्या कडेला टेकून ती तशीच बसून राहिली. अक्का स्वयंपाकघरातून आल्या, त्यांनी दोघांकडे पाहिलं आणि कानडीत अण्णांना काहीतरी हळू सांगितलं. मुग्धाला पुरतं कळलं नाही. 'स्वल्प', म्हणजे जरासं, आणि 'हुडुगी', म्हणजे पोरगी, एवढंच कानावर आलं. जरा वेळाने अण्णांनी डावा हात पुढे केला, उठवा म्हणून.

टेबलाशी बसल्यावर त्यांनी बाण पाण्याच्या पेल्यावर नेला. दाबलं. चित्र मोठं होऊ लागलं आणि अर्ध्यावर गोठलं. मग निळा पडदा.

अण्णांचा हात झटक्यात मांडीवर गेला.

"छान," मुग्धा म्हणाली. "आता परत."

यंत्र पुन्हा उभं राहिलं. पुन्हा गोठलं. पुन्हा सुरू केलं. या वेळी दोन चित्रं नीट आली आणि तिसऱ्याला निळा पडदा. ती पडद्याकडे बघत होती आणि काही दिसत नव्हतं. डोळे जड झाले होते. अण्णा मात्र आता हात मागे घेत नव्हते. यंत्र सुरू व्हायची वाट बघत माउसवर हात ठेवून बसायचे, जणू त्यांनाही एकदा बघायचंच होतं हे काय आहे ते.

एकदा त्यांचा बाण चित्रावरून घसरला, म्हणून मुग्धाने सहज त्यांच्या हातावर हात ठेवला. दोघांनी मिळून पेपरचं चित्र दाबलं. आलं. पंखा दाबला. आला. कौशल्येचा फोटो, श्रीहर्षचा फोटो, सगळे आले. तिने हात उचलला. पुढचंच चित्र गोठलं.

ती यंत्राकडे बघायचं सोडून अण्णांच्या हाताकडे बघू लागली.

डावा हात, आयुष्यभर दुय्यम कामांना वापरलेला. बटण दाबल्यावरही तो थरथरत होता. माउस जागच्या जागी हलत होता आणि चित्र काढलं जात असताना त्याच्यावरून बाण सारखा इकडून तिकडे फिरत होता. तिचा हात दाबून झाल्यावर स्थिर राहायचा. श्रीहर्षचाही.

"थांबा अण्णा, आता मी."

तिने चित्र दाबलं आणि माउस मुद्दाम गदागदा हलवला. निळा पडदा. यंत्र सुरू झाल्यावर तिने पुन्हा तेच केलं. पुन्हा निळा.

"बघितलंत?" ती त्यांच्याकडे वळली. "माझ्याही हातात बंद पडतं. खाली चित्र काढायचं आणि वर बाण हलवायचा, दोन्ही एकदम जमत नाही त्या नव्या ड्रायव्हरला. करणाऱ्यांनी हलता हात गृहीत धरून कधी तपासलंच नसेल. दोष त्यांचा आहे. तुमच्या हाताचा नाही."

अण्णांनी आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं, मग तिच्याकडे. ओठ हलले. त्यांना काही म्हणायचं होतं, ते आलं नाही. डोळे भरून आले.

दारात उभ्या असलेल्या अक्का पदराने चष्मा पुसू लागल्या. "मी उगाच बोलले हो," एवढंच त्या म्हणाल्या.

पुढचं काम सोपं होतं. सेटिंगमध्ये ग्राफिक्सच्या वेगाची एक पट्टी होती. ती एक घर मागे सरकवली की बाण काढायचं काम ड्रायव्हर सोडून देई आणि ते साध्या पद्धतीने होई. मुग्धाने ती सरकवली. मग तिने माउस हलवून पाहिला, जोरात हलवून पाहिला, अण्णांच्या हातात दिला. चित्रं येत राहिली. रंगही तसेच राहिले. बाण जरासा लुकलुकत होता, तेवढंच.

अण्णांनी कॉफीचं चित्र दाबलं. यंत्रातून अक्कांचा आवाज आला, "कॉफी."

"आता?" खऱ्या अक्का म्हणाल्या. "तीन वाजलेत फक्त."

"कॉफी," यंत्र पुन्हा म्हणालं. अक्का आत गेल्या आणि डिकॉक्शनचं भांडं वाजलं.

पुढच्या रविवारी श्रीहर्षचा फोन आला तेव्हा मुग्धाने त्याला सगळं सांगितलं.

"माझ्या लक्षातच आलं नाही," तो म्हणाला. "त्यांचा हात इतका थरथरतो?"

"हो."

"मी पंधरा दिवस होतो तिथे."

मुग्धाकडे म्हणण्यासारखं पुष्कळ होतं, पण ते सगळं काढायला अंगात जोर हवा होता.

"जानेवारीत यायचं काही नक्की नाही गं," तो म्हणाला. "प्रोजेक्ट वाढतोय. मार्च तरी होईल."

"बरं."

"रागावलीस?"

"नाही रे. दमलेय."

तिने फोन अक्कांकडे दिला आणि आतल्या खोलीत जाऊन आडवी झाली. गांधी बझारकडून भाजीवाल्यांचा गलका ऐकू येत होता. इस्त्रीचे कपडे खुर्चीवर तसेच पडले होते. उठून ते कपाटात ठेवावेत असं तिच्या मनात आलं, पण तेवढ्यात तिचा डोळा लागला. थोड्या वेळाने अक्का पाय न वाजवता आल्या, खुर्चीवरचे कपडे उचलले आणि जाताना दार ओढून घेतलं.