आधीचे तीस सेकंद

पोलीस ठाण्याच्या मागच्या खोलीत भिंतीवर अठरा खणांचा चार्जर होता. पाळी संपली की प्रत्येक जण छातीवरचा कॅमेरा काढून आपल्या खणात लावायचा आणि दिवसभराचं चित्रण आपोआप संगणकात उतरायचं. तो चार्जर, तो संगणक आणि शेजारची नोंदवही एका महिला हवालदाराच्या ताब्यात होती. ठाण्यात तिला सगळे बॅटरीताई म्हणत.

कॅमेरा अंगावर असूनही चित्रण नसेल, तर वहीत कारण लिहावं लागे. कोणी चौकशीला आणलेल्याला ठोसे लगावलेले असत, कोणी झडतीचा हुकूम न दाखवता घरात घुसलेलं असे, आणि तेवढा वेळ कॅमेरा मुद्दाम बंद ठेवलेला असे. "ताई, तेवढं सांभाळून घ्या," म्हटलं की ताई लिहायची, 'बॅटरी उतरली.' आपली माणसं आहेत, बारा-बारा तास उन्हात उभी असतात, अशी ती स्वतःची समजूत घालायची.

मंगळवारी शाळेच्या बसचा चालक पकडून आणला गेला. मुलांना सोडून तो रिकामी बस घेऊन परतत होता. चौकात बस अडवणाऱ्या शिपायाची त्याने कॉलर धरली, असं फिर्यादीत होतं. या वेळी चित्रणही होतं, त्यामुळे ठाण्याचे मुख्य साहेब खुशीत होते.

ताईने फाईल उघडली. कॅमेऱ्याचं बटण दाबलं की त्याआधीचे तीस सेकंदही साठतात, फक्त त्यांना आवाज नसतो. प्रशिक्षणात हे शिकवलं होतं आणि ठाण्यातले सगळे ते विसरून गेले होते. त्या मुक्या तीस सेकंदांत चालक खिडकीतून काहीतरी विचारत होता. शिपायाने दार उघडलं, त्याला खाली ओढलं, दोन थपडा मारल्या. तिसरी अडवायला चालकाने हात पुढे केला, तो कॉलरपाशी गेला. तिथे आवाज सुरू झाला : "पोलिसावर हात टाकतोस?"

साहेबांनीही ते पाहिलं.

"सुरुवातीचं कापून टाक. आवाज आहे तिथपासून कोर्टात जाईल."

"साहेब, आधीचंही त्याच फाईलमध्ये आहे."

"म्हणूनच काप म्हणतोय. दोन थपडांनी कोणी मरत नाही. आपल्या माणसाचं कोर्टात हसं झालं, तर चौकात आपल्याला कुत्रं विचारणार नाही. उद्या दुपारपर्यंत कर."

ताई घरी आली तेव्हा आई चष्म्याची तुटलेली काडी चिकटवत बसली होती. चौतीस वर्षं तिने रुग्णालयात सिस्टर म्हणून काढली होती. ताईने सगळं सांगितलं.

"मलाही एकदा पेशंटच्या औषधांचा तक्ता बदलायला सांगितलं होतं," आई म्हणाली. "डॉक्टरांनी इंजेक्शन चुकीचं लिहिलं, मी दिलं. पेशंट वाचला. मग डॉक्टर म्हणाले, सिस्टर, ती ओळ गाळून नवा तक्ता करा."

"केलास?"

"नाही. मग पुढच्या पाळीच्या सिस्टरने काय बघून औषध द्यायचं? माझं तोंड?"

"पण ही आपली माणसं आहेत गं."

"ते डॉक्टरही आपलेच होते की. त्या चालकाला शिक्षा झाली, तर पुन्हा बस चालवू देतील?"

"नाही. कधीच नाही."

"मग सांभाळून घेणं कसलं? माणसाला आयुष्यातून उठवणं आहे ते. आणि याआधी काय काय लिहिलंस, ते मला ऐकवू नकोस. सांगायचं तिथे सांग."

दुसऱ्या दिवशी ताईने वही पहिल्या पानापासून चाळली. खोट्या नोंदी अकरा निघाल्या. प्रत्येकीखाली तिची सही होती.

दुपारी साहेबांनी तिला बोलावलं. शिपाईही तिथेच उभा होता.

"कापलंस?"

"नाही साहेब. अख्खी फाईल सरकारी वकिलांकडे दिली. पोच घेतली आहे."

"कोणाला विचारून?"

"पुरावा जसाच्या तसा द्यायचा, असा नियम आहे. तो विचारून पाळायचा नसतो."

शिपायाचा चेहरा पडला. "ताई, तुम्ही तरी असं कराल असं वाटलं नव्हतं."

"मलाही वाटलं नव्हतं. वहीतल्या माझ्या अकरा नोंदी खोट्या आहेत, हेही लिहून दिलंय."

"स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतलास," साहेब म्हणाले. "नोकरी जाईल."

"जाऊ दे. खोटं लिहिलं म्हणून जाईल, ते मला मान्य आहे. आणि यापुढे तोंडी हुकूम घेणार नाही, साहेब. जे करायचं ते लेखी द्या."

साहेबांनी लेखी काही दिलं नाही. असले हुकूम लेखी देता येत नाहीत!

चालक नवव्या दिवशी सुटला. कोर्टात चित्रण दाखवलं तेव्हा शिपाई म्हणाला, "आधी मी मारलं." ताई निलंबित आहे, तिची चौकशी चालू आहे. त्या अकरा नोंदींनी ज्यांच्यावरचा अन्याय झाकला, ती माणसं शोधली जात आहेत. त्यांतले दोघे अजून तुरुंगात आहेत. ताईने त्यांच्या वकिलांना स्वतः पत्रं लिहिली आणि साक्षीला येण्याची तयारी कळवली.

वाचकहो, वर्दीची इज्जत खोट्या नोंदीने राखली जात नाही, उलट अशा नोंदीमुळेच ती जाते. कायदा राखणाऱ्याला कायद्यातून सूट नाही. ती सूट साहेब देऊ शकत नाहीत, आणि आपण गप्प राहूनही द्यायची नाही. तुमच्याबाबत कधी 'कॅमेरा बंद होता' असं सांगितलं गेलं, तर तो कोणी, किती वाजता आणि का बंद केला, हे लेखी विचारा. उत्तर मिळेपर्यंत तिथून हलू नका.