उघाडीत अडकलेला नारळ

मी एक दार आहे, पण माझ्यामागे घर नाही. एका बाजूला रेवदंड्याची खाडी, दुसऱ्या बाजूला भातशेती आणि मधल्या मातीच्या बांधात मी. गावात मला उघाडी म्हणतात. सन १९२६ मध्ये बाबाजी सुताराने मला ऐनाच्या फळ्यांतून घडवले आणि लोखंडी कड्यांनी वरून टांगले.

मित्रांनो, माझे काम साधे आहे. ओहोटीला शेतातले पावसाचे पाणी मला ढकलून खाडीत जाते. भरतीला खाडीचे खारे पाणी मला दाबून बंद करते. मला कोणी उघडत नाही, कोणी लावत नाही. चंद्र कुठे, समुद्र कुठे, आणि त्यांच्या ओढीवर इथे एक फळी हलते, म्हणून भात पिकतो. बारा वर्षे झाली, मला अजून याचे नवल वाटते.

गावालाही वाटते. पण मला शेंदूर फासला की गावाचे नवल तिथेच थांबते. अहो, शेंदूर ज्या तेलात कालवता, त्यातलेच दोन थेंब माझ्या कड्यांना घालायला काय जाते?

नारळी पौर्णिमेला गावाच्या वतीने अंबाजी शेताच्या बाजूने पाण्यात नारळ सोडतो. ओहोटीच्या जोरात तो माझ्याखालून समुद्राकडे जातो. ही ओहोटी सकाळी असते. पण एका वर्षी अंबाजीचा जावई मुंबईहून आला होता आणि त्याची न्याहारी काही आटपेना. अंबाजी बांधावर पोचला तेव्हा पाणी फिरायला लागले होते. त्याने तरीही नारळ सोडला. मंद धारेतून तो माझ्यापर्यंत आला आणि मी मिटत असताना चौकटीत अडकला.

वर पौर्णिमेचे उधाण. फटीतून खारे पाणी आत धावू लागले. पहिले शेत सोनूबाईचे. नवरा वारलेला, घरात दोन मुली, वर्षाचे भात तेवढेच. तिने पाणी बोटाने चाखले आणि थुंकली. बांधावर जमलेले बाकीचे गावकरी हात जोडून उभे. देवाने नारळ ठेवून घेतला, असे कोणीतरी म्हणाले. मी करकर वाजून थकलो.

सोनूबाई बांधावर पालथी पडून फटीत हात घालू लागली.

अंबाजी म्हणाला, "वाहिलेल्याला हात लावायचा न्हाय."

"दर्याला वाहिला ना, भावजी? मंग वाटेत कशाला अडवलाय? ज्याचा त्याला देते."

तिने शेंडी धरून नारळ उपसला. त्याच क्षणी मी मिटलो. तिची दोन बोटे माझ्या आणि चौकटीच्या मध्ये आली. मला थांबता आले नाही.

नारळ तिने दुसऱ्या हाताने खाडीत टाकला. पुढे चार दिवस पाऊस लागला, मीठ धुऊन गेले आणि तिचे अर्धे भात वाचले. बोटे मात्र वाकडीच राहिली.

आता ती दर पौर्णिमेला येते. आधी चौकटीतला गाळ आणि शिंपले काढते, कड्यांना तेल घालते, मग हात जोडते. ते नीट जुळत नाहीत. तरी तेवढाच नमस्कार मला पोचतो.

मित्रांनो, तुम्हीही खुशाल नमस्कार करा. पण त्याआधी चौकटीत एकदा हात घालून बघा. आणि तो ओहोटीला घाला. भरतीला मला थांबता येत नाही.