देशाच्या रेषेवरचे भगवानराव

भगवानरावांना सरकारी रेषेवरून पुसून टाकण्यात आलं आणि देशाची हवा ताबडतोब सुधारली. झालं ते झालं. आता आपण असं धरून चालू की असं काही झालेलंच नाही, कारण त्या दुपारी त्यांच्या बायकोला, मैनाबाईंना, यातलं काहीच माहीत नव्हतं. हवा मोजणाऱ्या सरकारी खात्यातला रजत अंगणाचं फाटक ढकलून आत आला तेव्हा त्या निंबाखाली तुरीच्या शेंगा सोलत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"काकू, पेटी पाहायला आलो," रजत म्हणाला.

"पाहा ना. कुठी पळून नाही गेली."

पेटी निंबाच्या बुंध्याला टांगलेली होती. रंग, थिनर, पेट्रोल, चुलीचा धूर, यांतून जी वाफ उडून हवेत मिसळते ती दिवसरात्र हुंगत राहायचं, एवढंच तिचं काम. अशा पेट्या देशभर टांगल्या होत्या आणि सगळ्यांच्या हुंगण्यातून वर्षानुवर्षांची एक रेषा निघायची. हवा सुधारली की रेषा खाली, बिघडली की वर. लोहाऱ्यात एमआयडीसीच्या मागच्या वस्तीत हे अंगण साहेबांच्या मनात भरलं, कारण तिथं मैनाबाईंची चूल होती आणि भगवानराव होते.

भगवानराव एमआयडीसीतल्या कारखान्यात लोखंडी कपाटांना फवाऱ्यानं रंग मारायचे. तोंडाला रुमाल बांधायचे, तोही घामासाठी. त्यांचं नाक केव्हाच रिटायर झालं होतं. डाळ करपली तरी त्यांना कळत नसे, आणि मैनाबाईंच्या संसाराची निम्मी शांतता त्यावरच उभी होती.

पेटी लावताना रजतनं एकच अट सांगितली होती. पेटी आहे म्हणून काही बदलायचं नाही, नेहमीसारखं राहायचं.

"अन् मी मेलो तं?" भगवानरावांनी विचारलं होतं.

"तर तसं कळवावं लागेल."

रजत तेव्हा नोकरीत नवीन होता.

पुढं घरात गॅस आला, कारखान्यात भुकटीचा रंग आला. भुकटी भट्टीत भाजली की कपाट तयार. ना थिनर, ना वाफ, ना भगवानराव. ते घरी आले आणि अंगणात खाटा, सायकली, दारं रंगवू लागले. पोळ्याला वस्तीतल्या बैलांची शिंगं. खोकला कारखान्यातूनच सोबत आला होता.

दोन वर्षांमागची गोष्ट. पोळ्याच्या आदल्या दिवशी शेजारच्या उकंडाच्या जोडीची शिंगं रंगवून झाली आणि डब्यात हिरवा ऑइलपेंट उरला. भगवानरावांची नजर पेटीवर गेली. तिला गंज चढला होता.

"सरकारची वस्तू आपल्या अंगनात सडून राह्यली," ते म्हणाले. "सायेब काय म्हनतीन?"

त्यांनी पेटीला दोन हात हिरवा मारला. रंग आळला होता, म्हणून थिनर सढळ हातानं घातलं. वरून पिवळी किनार काढली, उरलेला एक गोंडाही बांधला.

जन्मात घेतला नसेल असा वास पेटीनं घेतला. आसपासच्या बाकी पेट्या बंद पडलेल्या असल्यामुळे त्या महिन्यात मध्य भारताचा सगळा श्वास भगवानरावांच्या अंगणातच चालू होता. देशाची रेषा उतारावरून गुमान चालली होती, ती ताडकन उभी राहिली. वर बैठक बसली. एका तज्ज्ञानं कारखान्यांकडं बोट दाखवलं, दुसऱ्यानं मोटारींकडं, आणि रजतला लोहाऱ्याला पिटाळण्यात आलं.

त्यानं गोंडा पाहिला आणि तो ओट्यावर बसला.

"काका, हे काय केलं?"

"काहून? रंग बरा नाही का?"

रजतनं मोबाइलवर त्यांना रेषा दाखवली. खाली खाली येणारी, आणि मध्येच एक शेंडा. भगवानरावांनी त्या शेंड्यावर बोट ठेवलं. नखाखालचा हिरवा रंग अजून निघाला नव्हता.

"हा मी?"

"हो, तुम्हीच."

मग महिनाभर त्यांनी वस्तीत सांगितलं की सारा देश खाली जाऊन राह्यला होता, मी एकट्यानं धरला. घर सोडून कुठंही आपलं काही दिसतं, हे त्यांना माहीतच नव्हतं. रंगवलेली कपाटं लोकांच्या घरात गेली, पण कपाटावर कोणी रंगाऱ्याचं नाव लिहीत नाही.

गेल्या पावसाळ्यात ते खोकत खोकतच गेले.

"काकू, एक सही पाहिजे," रजत म्हणाला. "पेटी रंगवली होती म्हणून आकडा चढला, ती चूक होती, असं लिहिलंय. वरून आलंय. तो शेंडा काढून टाकायचा आहे."

मैनाबाईंचे हात थांबले.

"काहून?"

"रेषा बरोबर दिसत नाही."

"तुमची रेषा सरळ दिसली पाह्यजे म्हनून माह्या मानसाले पुसता?"

"सही नका करू, वहिनी," कुंपणापलीकडून उकंडा म्हणाला. "आज हे त्याइले पुसतीन, उद्या माह्या बैलाचे शिंगं खरवडतीन."

"तुम्ही चूप बसा, भाऊजी."

रजतनं घाम पुसला. "तुम्ही सही नाही केली तरी ते काढणारच आहेत, काकू. मी फक्त पेट्या झाडतो."

हे खरं होतं. त्यानं खिशातून फडकं काढून पेटी झाडलीसुद्धा. पिवळ्या किनारीवरून फडकं जरा हळू फिरलं.

"एक विचारू? काका गेल्यावर रोज दिवेलागणीला आकडा थोडासा वर जायचा. अगदी इतकासा. मग तेही थांबलं. स्वयंपाकात काही बदल केला का?"

मैनाबाई उठल्या, आत गेल्या आणि थिनरचा डबा घेऊन आल्या. झाकण काढून त्यांनी तो उपडा धरला. काहीच पडलं नाही.

"त्याइचा आहे. अर्धा भरून होता. रोज दिवेलागनीले इथं निंबाखाली बसून झाकन काढत होती मी, वास घेत होती अन् लावून ठेवत होती. सदऱ्याचा वास तं पयलेच गेला. हे बी संपलं. थेंब सांडला नाही, सायेब, कोनाले देल्लं नाही."

"उडून जातं ते, काकू. तसंच असतं ते."

"तेच पाहून राह्यली मी."

त्या खाली बसल्या. कागद मांडीवर घेऊन त्यांनी सही केली, सावकाश, एकेक अक्षर. मग खालच्या रिकाम्या चौकटीवर बोट ठेवलं.

"हे काय आहे?"

"अभिप्राय. काही म्हणायचं असेल तर. पण ते कोणी वाचत नाही."

"लिहा मंग."

"काय लिहू?"

"पयले होती तशी खराब हवा द्या म्हना वापस."

रजतनं त्यांच्याकडं पाहिलं, मग पेटीकडं. कागदावर लिहायची त्याला एकच भाषा येत होती. त्यानं पेन काढलं आणि लिहिलं:

'सदर अंगणातील हवा चालू वर्षी स्वच्छ झाल्याचे आढळून आले असून त्यास अर्जदाराची हरकत आहे. तरी मौजा लोहारा येथील उक्त हवा पूर्ववत खराब करून मिळावी, ही नम्र विनंती.'