शेवटच्या ओळीतला श्वास

बाईंनी कानांवरचे हेडफोन ओरबाडून काढले आणि टेबलावर आपटले.

"त्याचा आवाज कमी करा."

"याहून कमी केला तर ऐकूच येणार नाही, बाई," काचेपलीकडून ध्वनिमुद्रक म्हणाला.

"मग बंदच करा. सुंठेवाचून खोकला जाईल."

अठरा वर्षं त्या संगीत नाटकात बाई नायिका होत्या आणि 'तो' नायक. घरातही तेच जोडपं. नाटक उतरलं, संसारही उतरला, आणि गेली सहा वर्षं दोघांमध्ये विस्तव जात नव्हता. आता त्याच नाटकाचा चित्रपट होत होता. पडद्यावरचे चेहरे कोवळे होते, आवाज मात्र या दोघांचे हवे होते. एका माइकवर उभं राहायला दोघांनीही साफ नकार दिला, म्हणून त्याने आपला भाग मंगळवारी गाऊन टाकला आणि बाई आज त्यावर आपला भाग गात होत्या.

निर्मात्याची अट एकच होती. युगुलगीताची शेवटची ओळ आज दुपारच्या आत, सलग, कुठेही न जोडता मिळाली पाहिजे. "जोड मला झोपेतही ऐकू येतो," असं ते छातीठोकपणे सांगत. नाहीतर बाईंची सगळी गाणी एका तरुण गायिकेकडे जाणार होती. तिला तयार राहायला सांगूनही झालं होतं.

ही अट पेपरातून आली होती. बाई घर सोडून गेल्या त्या महिन्यात त्याने मुलाखत दिली होती, "शेवटच्या ओळीत श्वास तिचा संपतो, सूर मी धरतो, आणि टाळ्या ती घेते." बाईंना सर्वांत जास्त झोंबलं ते हे, की त्यात एक अक्षरही खोटं नव्हतं. रंगमंचावर त्या गात गात जिना चढायच्या, मध्येच दम संपायचा, आणि तो खालून आपला सूर लांबवायचा. त्या आडोशाला बाई श्वास घ्यायच्या. प्रेक्षकांना कधी कळलं नाही.

मंगळवारच्या ध्वनिमुद्रणात त्याने सूर लांबवला नव्हता. कागदावर जिथे थांबायचं लिहिलं होतं, तिथेच तो थांबला होता.

"मेल्याने दावा साधला," बाई पुटपुटल्या आणि पुन्हा उभ्या राहिल्या.

पाचदा गायल्या. पाचही वेळा आवाज त्याच जागी फाटला. सहाव्यांदा त्या ओळीच्या मधूनच उचलून गायल्या, निदान उत्तरार्ध तरी धड होतो का ते पाहायला. तो सुरेख आला.

ध्वनिमुद्रक बराच वेळ मान खाली घालून यंत्राशी खटपट करत बसला. मग त्याने बाईंना आत बोलावून एक ओळ ऐकवली. अखंड, निर्मळ, कुठे श्वासाची खूणसुद्धा नाही.

"दोन तुकडे आहेत," तो हळूच म्हणाला. "मी कुणाला सांगणार नाही. लहानपणी तुमचं नाटक सात वेळा पाहिलंय."

बाईंनी ओळ पुन्हा एकदा ऐकली आणि सातव्यांदा गायला काही गेल्या नाहीत.

दुपारी निर्माते आले, आणि त्यांच्यामागून तोही आला. केस पांढरे झाले होते, ऐट तशीच होती. बाईंकडे न पाहता तो भिंतीला टेकून उभा राहिला. ओळ वाजली. जोडाच्या जागी त्याच्या भुवया वर गेल्या. बाईंनी ते पाहिलं. आता हा सगळ्यांसमोर तोंड उघडणार!

"वा!" निर्माते खूश झाले. "सलग आहे. काय हो, पेपरात तर तुम्ही भलतंच सांगितलं होतं?"

त्याने घसा साफ केला.

"रागात होतो. खोटं सांगितलं. ही ओळ ती नेहमी एका दमातच म्हणायची."

बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. सहा वर्षं ज्याला शिव्या घालून दिवस काढले, त्याने आता आपल्याला पदराखाली घ्यावं? आणि तेही चारचौघांत, असं सहज?

"खोटं तो आत्ता बोलतोय," त्या म्हणाल्या. "पेपरात खरं होतं. ही ओळ जोडलेली आहे. मीच जोडायला लावली."

ध्वनिमुद्रकाने कपाळाला हात लावला. निर्मात्यांचा चेहरा उतरला.

"म्हणजे मग मला त्या मुलीला..."

"खुशाल बोलवा. पण आधी एक माइक लावा आणि त्याला माझ्या शेजारी उभं करा. सलगच हवंय ना? सलग देते." बाई ध्वनिमुद्रकाकडे वळल्या. "त्याला सांगा, माझा श्वास होईपर्यंत सूर सोडायचा नाही."

निर्मात्यांनी घड्याळ पाहिलं. "एकदाच," ते म्हणाले.

तो भिंतीपासून हलला नाही. ध्वनिमुद्रकालाच म्हणाला, "तिला विचारा, अठरा वर्षांत एकदा तरी सोडलाय का?"

ध्वनिमुद्रक बिचारा आळीपाळीने दोघांकडे बघत राहिला.

"नाही सोडलास," बाईंनी थेट त्यालाच सांगितलं.