बातम्या सांगणारे हात

कुडपणच्या येसूबाईने दिवसभर बसून असा टीव्ही कधी पाहिलाच नव्हता. बांधावरून घसरून तिच्या पायाचं हाड मोडलं, डॉक्टरांनी प्लास्टर घालून दीड महिना हलायचं नाही म्हणून सांगितलं, तेव्हा मुंबईहून तिचा मुलगा किशोर आला आणि घरावर डिशची छत्री बसवून गेला. चॅनल ढीगभर लागायचे, पण येसूबाईचा जीव सरकारी चॅनलवर जडला. तिथे कुणी कुणावर ओरडत नव्हतं आणि पुढे काय लागेल याचा नेम नव्हता.

त्या दिवशी सकाळी अभंग झाले. मग शेतीच्या कार्यक्रमात एक साहेब द्राक्षाच्या वेलीची छाटणी दाखवू लागले. कुडपणात द्राक्षं कोण लावतंय, पण इतकी कापल्यावर वेल फळते तरी कशी, हे बघायला तिने चहा थंड होऊ दिला. मग कुठल्याशा बेटावरचे कोळी मासे सुकवताना दिसले. त्यांचं बोलणं कळलं नाही, तरी मासे उलटायला कोण चुकलं ते तिला बरोबर कळलं.

दुपारी चांगू भाकरी-कालवण घेऊन आला. चांगू तिचा धाकटा दीर, पन्नाशीचा. जन्मापासून बहिरा, त्यामुळे बोलणंही नाही. येसूबाई लग्न होऊन आली तेव्हा तो सहा वर्षांचा होता. दोघांनी मिळून हळूहळू खुणा ठरवल्या होत्या. हनुवटीवर बोट टेकलं की येसूबाई, कारण तिच्या हनुवटीवर गोंदण होतं. कपाळाशी दोन बोटं म्हणजे बैल. अशा शंभरेक खुणांवर त्याचं सगळं चालायचं, आणि त्या घराबाहेर फारशा कुणाला कळत नसत.

चांगूने ताट खाली ठेवलं आणि तो तसाच वाकलेला राहिला. पडद्यावर बातम्या लागल्या होत्या आणि एक बाई त्या हातांनी सांगत होती. बोटं झरझर फिरत होती, भुवया वर जात होत्या, ओठ हलत होते. चांगू खाली बसला. बातम्या संपेपर्यंत त्याने पापणी हलवली नाही. मग येसूबाईकडे वळून त्याने पडद्याकडे बोट केलं, दोन्ही कानांवर हात ठेवले आणि तळवे उलटे केले. हिलाही ऐकू येत नाही का, असं तो विचारत होता.

येसूबाईनेही तळवे उलटे केले.

एरवी भाकरी देऊन तो गुरांकडे जायचा. आज तो उठेचना. एक जुनं नाटक लागलं, त्यात त्याचं मन रमलं नाही. मग सतारवादन सुरू झालं. वादकाची बोटं तारांवरून धावताना पाहून तो गुडघ्यांवर पुढे सरकला आणि हा काय सांगतोय, असं त्याने खुणेने विचारलं. येसूबाईने त्याला टीव्हीच्या मागच्या बाजूला हात टेकवायला लावला. हाताला थरथर लागली तसा तो हसला, पण मान हलवून त्याने कळवलं की यातलं काही कळलं नाही. पुढे कुठल्याशा चर्चेत हात हलवणारा माणूस दिसला की तो आशेने बघायचा आणि पुन्हा मागे टेकायचा.

संध्याकाळी येसूबाईने लेकीला, श्रुतिकाला फोन लावला. श्रुतिकाचा नवरा महाडच्या एका कारखान्यात होता आणि ती दोघं बिरवाडीत राहत होती. टीव्हीवर हातांनी बातम्या सांगणारी बाई कुठल्या खुणा करते, असं येसूबाईने विचारलं.

“नुसत्या खुणा नाहीत त्या आई, ती भाषाच आहे,” श्रुतिका म्हणाली. “शाळेत शिकवतात. काका लहानपणी तिथे गेले असते तर त्यांनाही आली असती.”

अशी शाळा असते हे घरात कुणाला ठाऊक नव्हतं आणि कुणी कधी विचारलंही नव्हतं. चांगूला सांगता येण्यासारखं फारसं काही नाही, असंच सगळे समजून चालले होते. येसूबाईसुद्धा.

“आता यील का गो त्याला?”

श्रुतिका म्हणाली, ते तिला सांगता येणार नाही, पण त्यांच्या गल्लीत विनीत नावाचा शिंपी आहे, त्यालाही ऐकू येत नाही. तो मुंबईच्या शाळेत शिकलेला आहे. त्याला ती लिहून विचारील.

हे चांगूला सांगताना येसूबाईला घाम फुटला. तिने त्याच्याकडे बोट केलं, कानांवर हात ठेवले आणि दहा बोटं पुन्हा पुन्हा उघडून दाखवली. तुझ्यासारखे पुष्कळ हायेत. मग खाली घाटाकडे हात केला. चांगूचा विश्वास बसला नाही. त्याने एकच बोट वर केलं आणि ते स्वतःच्या छातीवर टेकवलं.

प्लास्टर निघाल्यावर ती काठी टेकत त्याला बिरवाडीला घेऊन गेली. विनीतने मशीन थांबवली आणि हात हलवले. चांगूला त्यातलं काही कळलं नाही. विनीतने तेच सावकाश केलं, मग दुसऱ्या तऱ्हेने केलं. तेव्हा चांगूने बिचकत कपाळाशी दोन बोटं नेली. विनीतने मान डोलवली आणि आपली बैलाची खूण दाखवली. ती थोडी वेगळी होती, पण शिंगंच होती.

येसूबाई दारातल्या स्टुलावर बसली. दोन तास तिला कुणी काही विचारलं नाही. निघायची वेळ झाली तेव्हा तिने चांगूच्या खांद्याला हात लावला. त्याने तिच्याकडे न बघताच थांबायची खूण केली.

त्यानंतर दर पंधरवड्याला तो एकटाच एसटीने बिरवाडीला जाऊ लागला.