ललिताच्या खोलीतला हिरवा दिवा

मखमलाबादच्या त्या फुलांच्या मळ्यात भर दुपारी चाळीसएक माणसं एका खोलीच्या दारात माना उंचावून उभी होती. आत ना मूर्ती, ना समाधी. टेबलावर इंटरनेटचा डबा, त्यावर हिरवा दिवा आणि समोर घाबरलेली ललिता, मळेवाल्या समाधानची बायको, घरून नोकरी करणारी.

"बस पोरी!" सासूने बोलावलेले जयरामबाबा गरजले. मग शिष्याकडे वळून म्हणाले, "विहिरीचं ताजं पाणी आण रे!"

ती बसली. थोड्याच वेळात दिवा विझला. लोकांनी हात जोडले.

"ऊठ!"

ती उठली. शिष्य तांब्या घेऊन परतला आणि दिवा पुन्हा लागला.

"बघा! लहरींना हिची सावली सोसत नाही. नोकरी सोडा, तीन अमावास्या माहेरी ठेवा. नाहीतर शनीच्या, मंगळाच्या, वायफायच्या, साऱ्या लहरी उलट्या फिरतील!"

सासू नवसाबाईंनी पिशवी आधीच भरून ठेवलेली. माहेरची, म्हणजे पेठची, एसटी चारला. तीन वाजून गेले होते आणि मी अंगणात नुसत्या येरझाऱ्या घालत होतो. मी शेजारी, तीस वर्षं आयटीआयमध्ये वायरमन घडवले. वायफायची लहर उलटी फिरते हे ऐकून माझं डोकंच फिरलं.

"नवसाबाई, आता तुम्ही बसा त्या खुर्चीत."

"मी? मला काय कळतंय मास्तर त्यातलं?"

"दिव्याला तरी कुठं कळतंय? बसा. ललिता, तू बाहेर ये."

मी विहिरीपाशी जाऊन स्टार्टरचं बटण दाबलं. मोटर घरघरली.

"अगं बया, गेला!" आतून नवसाबाई ओरडल्या.

"महाराज, आता यांनाही माहेरी धाडायचं का?" मी तिथूनच ओरडून विचारलं.

"दोष सासूत उतरला!" बाबा म्हणाले.

"मग खुर्ची रिकामी ठेवू." मोटर बंद केली, दिवा लागला. पुन्हा चालू केली, गेला. ताजं पाणी म्हणजे मोटर, एवढंच होतं बाबांचं सामर्थ्य!

"मी महिनाभर सांगतेय, मोटर लागली की नेट जातं," ललिता म्हणाली. "त्या दिवशी फुलं न्यायला बाबांचा शिष्य आला, तेव्हाही मी हेच बोलले होते." म्हणजे तिचं नीट ऐकलं ते फक्त त्या शिष्याने.

मी नेटची वायर धरून, जिथून ती येते त्या मळ्यातल्या पुढच्या घरापर्यंत गेलो. समाधानने केबलचे दोन तुकडे हाताने पीळ मारून जोडले होते, वर चिकटपट्टी. आणि मळ्यात सगळंच बांधतात तसं, हाराच्या दोऱ्याने ती केबल मोटरच्या वायरला शेवटपर्यंत बांधून टाकली होती.

"अरे, नेटच्या केबलमधल्या तारांच्या जोड्यांना मुळातच पीळ असतो, तो बाहेरचा गोंगाट थोपवतो. तू जोडताना तोच उलगडलास, वर शेजारी मोटरची वायर! शुद्ध तांब्याची, कॅट सिक्स जातीची, उन्हात टिकणारी, बिनजोड एकच केबल घे. मोटरच्या वायरपासून हातभर लांब, वेगळ्या पाइपातून ने."

"लय चुकलं मास्तर," समाधान पुटपुटला. बाबा केव्हाच फाटकाबाहेर होते.

चार वाजत आले. नवसाबाई पिशवी उचलून ललिताकडे आल्या. "पोरी, ठेव आत."

"तुम्ही भरलीत ना आई? तुम्हीच रिकामी करा."

सगळ्यांसमोर, खाली मान घालून, नवसाबाईंनी एकेक साडी परत फडताळात ठेवली. मला वाईट वाटलं, आणि बरंही वाटलं.

लोकहो, दिवा गेला तर आधी वायर तपासा. घरातली बाई तपासू नका, तिचं ऐका.